व्हॅलेरियनची नाडी

व्हॅलेरियनला माणसं दोन गोष्टींमुळे ओळखतात. एक त्याच्या वाडीतली राजेळी केळी, आणि दुसरा त्याचा ट्रम्पेट. वसईकडून गिरीजला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या ज्या घरात लग्न झालं, बाप्तिस्मा झाला, मयत झालं, त्या घराच्या दारात हा गृहस्थ पांढरा शर्ट आणि लाल टाय लावून उभा राहिलेला आहे. सुखाला आणि दुःखाला बँड एकच, चाल तेवढी वेगळी. एकदा तर सकाळी मयत आणि संध्याकाळी मांडव असा योग आला, तेव्हा मधल्या वेळात टाय बदलायलाही कोणाला सुचलं नाही, आणि त्याबद्दल कोणी काही बोललंही नाही.

बँड त्याच्या बापाचा. बापाचं नाव फर्डिनंड. बापाकडून व्हॅलेरियनकडे तीन गोष्टी आल्या: केळीची वाडी, पहिल्या ट्रम्पेटचा मान आणि एक भीती. पहिल्या दोन तो लोकांना दाखवतो. तिसरी त्याने बायकोलाही कधी दाखवली नव्हती.

झालं होतं असं. चर्चच्या सणाची मिरवणूक चालली होती. फर्डिनंड पुढे, आणि पोरगेला व्हॅलेरियन मागच्या ओळीत. चाल वर चढत गेली, अगदी टोकाच्या सुरापर्यंत गेली आणि ट्रम्पेट बंद पडला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने श्वास घेतला. मागच्यांनी तर नोटेशनच्या कागदातून डोकंही वर काढलं नाही, त्यामुळे बँड पुढे वाजतच राहिला. मग ढोलवाला कशाला तरी अडखळला. खाली बघतो तर फर्डिनंड. तो गेला तेव्हा त्याला साठावं लागलेलं होतं. त्या दिवसापासून आळीतल्या माणसांना एक खोड लागली आहे: चालू बँडमध्ये पहिला ट्रम्पेट थांबला की जो तो चटकन मान वळवून बघतो.

यंदा व्हॅलेरियनला साठावं लागलं. आणि यंदाच त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, टिफनीचं, लग्न ठरलं.

तर एका रविवारी मिस्सा संपल्यावर फादरनी सांगितलं की, चर्चच्या हॉलमध्ये हृदयाच्या तपासणीचं शिबिर आहे, चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी लाभ घ्यावा. व्हॅलेरियन सायकलकडे निघाला होता. पण फुकट ते पौष्टिक, या न्यायाने अर्धं गाव रांगेत उभं राहिलं, त्यात त्याचा जिवलग मित्र आग्नेलही. आग्नेल बँडमध्ये युफोनियम वाजवतो, म्हणजे ते ट्रम्पेटपेक्षा जाडजूड, खालच्या आवाजाचं वाद्य, आणि तो स्वतःही तसाच आहे. त्याने हाक मारली आणि प्रिस्काने, म्हणजे व्हॅलेरियनच्या बायकोने, पाठीला हात लावून ढकललं. दोघांपुढे त्याचं कधी चाललं नाही, त्या दिवशीही चाललं नाही.

कॉटवर आडवं केलं. दंडाला पट्टा बांधला, आणि एका मुलीने पेनासारखं काहीतरी त्याच्या मनगटावर, जिथे नाडी लागते तिथे, हलकेच टेकवलं. ती म्हणाली, बोलू नका, हलू नका, साधा श्वास घ्या. शेजारच्या पडद्यावर नाडीच्या लाटा उमटायला लागल्या. एक चढ, उतारावर एक लहानसा उंचवटा, पुन्हा चढ. आपल्या अंगातलं आपल्याला दिसतंय हे बघूनच व्हॅलेरियन बिचकला. त्याने डोळे मिटून घेतले आणि मन दुसरीकडे नेलं. मुलीने जागा बदलून पुन्हा मोजलं, मग आणखी एकदा मोजलं. यंत्राने कागद बाहेर टाकला.

कागदावर पुष्कळ आकडे होते. त्यातला एकच त्याला समजला, आणि तोच समजायला नको होता. 'रक्तवाहिन्यांचं वय: सत्याहत्तर.'

पलीकडच्या टेबलावर डॉक्टर ज्ञानदा बसल्या होत्या. वसईत दवाखाना आहे त्यांचा. तिशीच्या, बोलायला मोकळ्या, पण समोर ही रांग. त्यांनी घाईघाईत समजावलं. हृदय रक्त ढकलतं तेव्हा एक लाट धमन्यांतून पुढे जाते आणि फाटे फुटतात तिथे आपटून मागे येते. धमनी लवचीक असली तर ती परतीची लाट सावकाश येते, तोवर हृदयाचं ढकलणं संपलेलं असतं. धमनी कडक झाली की लाट लवकर परतते आणि ढकलणाऱ्या हृदयावरच येऊन आदळते. त्यात हृदय दमतं. दंडावरच्या नुसत्या प्रेशरवरून हे सगळं कळत नाही, लाटेचा आकार बघावा लागतो. "पाण्याचा पाइप उन्हात पडून पडून कडक होतो ना काका, तसं," त्या म्हणाल्या. मग कागदाकडे बघून त्यांनी जरा कपाळाला आठी घातली आणि दवाखान्यात येऊन पुन्हा एकदा मोजून घ्यायला सांगितलं.

त्या आठीने घात केला. आकडा एक वेळ माणूस विसरेल, डॉक्टरच्या कपाळावरची आठी नाही विसरत.

आग्नेलचं वय निघालं त्रेसष्ट, खऱ्या वयापेक्षा एकच जास्त, आणि तो हॉलभर सांगत सुटला. व्हॅलेरियनला विचारलं तर तो म्हणाला, ठीक हाय. प्रिस्काने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. घरी आल्यावर तो वाडीत गेला, कागदाचे बारीक तुकडे केले आणि केळीच्या बुंध्याशी शेणखतात दाबून टाकले. कागद कुजला असेल. आकडा काही कुजला नाही.

मग व्हॅलेरियनने वाडीतला एकेक पाइप हाताने दाबून पाहिला. बावखलावरच्या, म्हणजे वाडीच्या तळ्यावरच्या, मोटरीपासून पार टोकाच्या वाफ्यापर्यंत. नवे पाइप बोटाखाली दबत होते. जुना काळा पाइप दाबला तर बोटच दुखलं, आणि वाकवायला गेला तर त्याला चीर गेली. तो पाइप हातात धरून तो बांधावर बसून राहिला. अठरा वर्षांचा फरक कुठून आला, हे त्याला उमजेना. दारू तो लग्नाकार्यातच प्यायचा, तंबाखूला शिवत नव्हता. म्हणजे हे बापाकडूनच आलं. वाडी आली, ट्रम्पेट आला, तसं हेही आलं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तो धर्म विचारून मागे लागत नाही, ख्रिस्ती माणसालाही सोडत नाही. व्हॅलेरियनची बोटं आता सारखी गळ्याकडे जायला लागली. जबड्याखाली नाडी लागते तिथे दोन बोटं ठेवून तो उभा राहायचा. मिस्सेत, रिक्षात, केळी मोजून देताना. शेजारणींना वाटलं, मुलीच्या लग्नाच्या काळजीने माणूस देवाला लागला, सारखा विचारात असतो. नाडी जलद लागली की तो घाबरायचा. घाबरला की ती आणखी जलद लागायची.

जेवणातून त्याने सुकी मासळी सोडली. प्रिस्काने सुक्या बोंबलाचं कालवण केलं की तो नुसता भात आणि वरण घ्यायचा. तीस वर्षं ज्या कालवणासाठी तो बोटं चाटत आला ते एकाएकी नकोसं झालं, याचा प्रिस्काने सरळ अर्थ लावला की आपल्या हाताची चव गेली. ती दोन दिवस बोलली नाही. त्याला तेही बरं वाटलं, कारण बोलायचं म्हटलं तर खोटं बोलावं लागलं असतं.

डॉक्टर ज्ञानदांच्या दवाखान्यातून फोन आला. पुन्हा तपासणीला कधी येताय, असं विचारलं. तो म्हणाला, येतो. काही दिवसांनी पुन्हा आला, आणि या वेळी खुद्द डॉक्टरच बोलत होत्या. तुमची लाट इतरांसारखी दिसत नाही, एकदा नीट बघायला हवी, असं त्या म्हणाल्या. यापुढचं त्याने ऐकलंच नाही. ज्या बाईकडे दिवसाला पन्नास माणसं येतात ती आपण होऊन दोनदा फोन करते, ते काय केळी मागायला? त्याने तो नंबर ब्लॉक करून टाकला. कसा करायचा ते त्याला टिफनीनेच दाखवलं होतं, विम्यावाल्यांच्या फोनसाठी.

टिफनी मालाडला एका ऑफिसात आहे. त्या दिवसांत ती घरी आली की लग्नाचंच बोलायची. साडी, केक, माणसं, आणि या सगळ्याच्या आधी पाणी. त्यांच्या आळीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवरून पाणी आणतात. बायका कळशा घेऊन निघतात, बँड बरोबर, आणि पहिली कळशी नवरीने स्वतः आणायची. परत येताना जी चाल वाजते तिला नाव नाही, बँडवाले तिला पाण्याची चाल म्हणतात. तिच्या मध्यावर एक ओळ आहे, फार उंच. तिथे बाकीची वाद्यं गप्प होतात, मागे फक्त ढोल चालतो आणि पहिला ट्रम्पेट एकटा वर चढतो. बँडचा नियम असा की ती ओळ पहिल्या ट्रम्पेटची. तो आजारी असला तर ती चालच वाजवायची नाही, पण दुसऱ्याने ती ओळ उचलायची नाही. फर्डिनंड ज्या सुरावर पडला तो याच ओळीतला होता. सणाच्या मिरवणुकीतही लोकांच्या आग्रहाने तीच चाल वाजत होती.

"डॅडी, सगळ्यांच्या पोरींना वाजवलंस," टिफनी एकदा चहा पिता पिता म्हणाली, "आता माझ्या वेळेला दम ठेव."

ती हसत होती. तोही हसला, आणि कप ठेवायच्या निमित्ताने आत गेला. त्याला पाण्याची वाट दिसत होती, कळशा दिसत होत्या आणि मध्येच खाली पडलेला ट्रम्पेट. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आपण तिच्या पायाशी पडणार, आणि ज्या बँडने मांडव गाजवायचा तोच दुसऱ्या दिवशी आपल्याला पोचवायला जाणार. नाही म्हणावं तर का म्हणून सांगावं लागणार. सांगितलं तर लग्नघरात रडारड. तो दोन्हीकडून अडकला होता.

सराव तो टाळत गेला. कधी वाडीला पाणी, कधी पाठ. पण कळंबला किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये मुंबईकरांच्या लग्नाचं वाजवणं आधीपासून ठरलेलं होतं, ते चुकवता येईना. तिथे व्हॅलेरियनने आयुष्यात न केलेली गोष्ट केली. ट्रम्पेट ओठाला लावला, बोटं नेमकी चालवली, खांदे हलवले आणि आत फुंकर मात्र घातली नाही. नाचणाऱ्या पाहुण्यांना काय कळतंय. स्पीकरचा आवाज एवढा की बँड नसता तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं.

पण आग्नेल त्याच्या उजव्या हाताला उभा होता, तसा तो गेली पस्तीस वर्षं उभा आहे. वाळूतून टेम्पोकडे परत येताना त्याने व्हॅलेरियनचा दंड धरला.

"व्हॅली, तू आज वाजवलाच नायस."

व्हॅलेरियन म्हणाला, ओठ सुजलाय. आग्नेलने टेम्पोच्या दिव्यात त्याचा ओठ बघितला आणि मागे चढून बसला. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तो केळी घ्यायच्या निमित्ताने आला, आणि व्हॅलेरियन वाडीत असताना प्रिस्काशी बोलून गेला. केळी न्यायची तो विसरला.

प्रिस्का कमी बोलणारी बाई. भाजीच्या टोपल्या घेऊन तिने वसईचा बाजार केलाय, तिथे जास्त बोलून भागत नाही. तिने फार काही विचारलं नाही. नवरा वाडीतून आला, हातपाय धुतले, तेव्हा ती ओट्यावर बसली होती. आग्नेलचं वय त्रेसष्ट निघालं हे सगळ्या गावाला माहीत आहे, तुमचं किती निघालं, एवढंच तिने विचारलं. झाकली मूठ फार दिवस झाकून झाली होती. व्हॅलेरियनने आकडा सांगितला. कागदाचं सांगितलं, फोनचं सांगितलं, बोंबलाचंही सांगितलं. बोलता बोलता त्याची बोटं गळ्याकडे गेली. तिने ती धरून खाली आणली.

"माज्याशी खोटं बोललात ते बोललात," ती म्हणाली. "पन पोरीच्या लग्नात मला काळा कपडा घालायला लावू नका."

एवढं बोलून ती आत गेली आणि बाहेर जायची साडी नेसून आली.

रिक्षात व्हॅलेरियनला वाटत होतं, आपण शिक्षा ऐकायला चाललो आहोत. दवाखाना एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता, आणि ते जिने चढतानाही तो प्रत्येक पायरीवर छातीचा अंदाज घेत होता. डॉक्टर ज्ञानदांनी त्याला ओळखलं. त्या रागावल्या नाहीत. उलट, बरं झालं आलात म्हणाल्या, आणि त्यामुळे तो आणखी घाबरला.

इथे घाई नव्हती. त्यांनी त्याला आधी बराच वेळ नुसतं पडून राहायला लावलं. खोली थंड नव्हती, उकाडाही नव्हता. चहा घेतलाय का, काही खाल्लंय का, विचारलं. मग दंडाला पट्टा, मनगटावर ते पेन, आणि पडद्यावर पुन्हा त्या लाटा. डॉक्टर म्हणाल्या, साधा श्वास घ्या. व्हॅलेरियनने डोळे मिटले. आधी लाटा शहाण्यासारख्या एकामागून एक येत होत्या. थोड्या वेळाने त्या विचित्र व्हायला लागल्या. मध्येच आखडून लहान व्हायच्या, मग एकदम उंच उडायच्या. डॉक्टरांनी पेन सरकवून पाहिलं, पट्टा तपासला. पुन्हा तेच. त्यांच्या कपाळावर तीच आठी आली.

प्रिस्का पायथ्याशी स्टुलावर बसली होती. तिला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, म्हणून ती नवऱ्याकडे बघत होती. त्याचे ओठ घट्ट मिटले होते, आणि मधोमध एक बारीकशी फट. पोट दगडासारखं ताठ झालेलं. मोकळ्या हाताची तीन बोटं चादरीवर हळूहळू दाबली जात होती, एक, मग दोन, मग एक आणि तीन. ती जरा वेळ बघत राहिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे वाजवतायत."

डॉक्टरांना समजेना. प्रिस्काने चादरीवरची बोटं दाखवली. पाण्याची चाल, ती म्हणाली, आता वरच्या ओळीला आलेत. व्हॅलेरियनने डोळे उघडले. आपण वाजवत होतो हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. लहानपणापासून भीती वाटली की तो मनातल्या मनात वाजवतो. बापाने शिकवलेली गोष्ट: पोट भरून श्वास घ्यायचा, कोंडून धरायचा, दाबून थोडा थोडा सोडायचा. दातांच्या डॉक्टरकडे त्याने असंच केलं होतं, टिफनीच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर असंच केलं होतं, आणि चर्चच्या हॉलमध्येही असंच केलं होतं.

डॉक्टर ज्ञानदा हसल्या नाहीत. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि सांगितलं की श्वास असा कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी-जास्त होतं, आणि लाटेचा आकारच बिघडतो. शिबिरातला आलेख त्यांना म्हणूनच पटला नव्हता. म्हणूनच त्या फोन करत होत्या.

"म्हणजे सत्याहत्तर नाय?" व्हॅलेरियनने विचारलं.

"तो आकडा धरू नका. पण खरा किती ते न मोजता मी सांगणार नाही."

आता न वाजवता पडायचं होतं, आणि ते त्याला जमेना. वाजवू नका म्हटलं की चाल आणखी जोरात डोक्यात घुमायची. प्रिस्का म्हणाली, रोझरी म्हणा. त्याने मनात सुरुवात केली, तर श्वास रोझरीच्या लयीत इतका संथ झाला की डॉक्टर म्हणाल्या, काका, प्रार्थनाही नको, नंतर म्हणा, आता काहीच करू नका. काहीच न करणं ही गोष्ट त्या माणसाला कोणी शिकवलेली नव्हती. शेवटी प्रिस्काने मोकळ्या हाताची बोटं आपल्या हातात घेतली आणि बाजारातल्या गोष्टी सांगायला लागली. कोणाची वांगी किडकी निघाली, कोण कोणाशी भांडलं. डॉक्टरांनी तिलाही हळू बोलायला सांगितलं. मग तीही गप्प झाली. खालच्या रस्त्यावर एक बस बराच वेळ हॉर्न वाजवत होती. त्या हॉर्नकडे लक्ष गेलं तेव्हा व्हॅलेरियनचं पोट सैल पडलं, आणि त्यात मोजणं उरकलं. एकदा गळ्याशी, एकदा मांडीशी धरून लाट किती वेगाने धावते तेही मोजलं. पुन्हा एकदा सगळं मोजून दोन्ही आकडे ताडून पाहिले.

अडुसष्ट.

सुटलो, असं व्हॅलेरियनच्या तोंडावर आलं. डॉक्टरांनी ते तिथेच थांबवलं. साठीच्या माणसाला अडुसष्ट म्हणजे चांगलं नाही, त्या म्हणाल्या, आणि प्रेशरही जास्त आहे. ते बरीच वर्षं जास्त असणार, कोणी मोजलं नाही म्हणून कळलं नाही. रोज गोळी घ्यावी लागेल, मीठ कमी करावं लागेल, सुकी मासळी सोडलीत ते योग्यच केलंत. आणि पुन्हा पुन्हा येऊन मोजून घ्यावं लागेल. प्रिस्काने बोंबलाचं ऐकून मान खाली घातली. तिला आपला तो दोन दिवसांचा अबोला आठवला असावा.

मग त्याने ट्रम्पेटचं विचारलं. विचारताना बापाचं सांगितलं, पहिल्यांदाच कोणाला तरी सगळं सांगितलं. त्या सुरावर बाप पडला होता, आणि तोच सूर आपल्याला मुलीच्या पाण्याला लावायचा आहे. डॉक्टर म्हणाल्या की ट्रम्पेटमुळे धमन्या कडक होत नाहीत, आणि तुमचे वडील नेमके कशाने गेले ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण उंच सूर जोर लावून धरला की प्रेशर त्या क्षणी उसळतं. गोळीने ते आटोक्यात आलेलं दिसेपर्यंत तेवढं टाळा. खालचं, मध्यम वाजवायला हरकत नाही. "काही होणार नाही असं मी सांगितलं तर ते खोटं होईल, काका. तेवढा धोका मी घेतला नसता."

घरी आल्यावर दोघांनी ठरवलं की टिफनीला लग्न होईपर्यंत काही सांगायचं नाही. आग्नेलला आणि बँडवाल्यांना सांगितलं, वर जायचं नाही, ती ओळ आली की फक्त ढोल चालेल. आग्नेलने विचारलं की मग चालच का वाजवायची. त्यावर व्हॅलेरियन म्हणाला, पोरीने मागितलीय. चूक झाली ती इथेच, आणि ती त्या आळीतल्या माणसांनीच करावी अशी होती. बँडवाल्यांना सगळं माहीत, विहिरीवर जाणाऱ्या बायकांना काही माहीत नाही, आणि सगळ्यांच्या कानात मात्र फर्डिनंडचा तो थांबलेला ट्रम्पेट वर्षानुवर्षं बसलेला.

गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तोच ती संध्याकाळ आली. विहिरीवर कळशा भरल्या. टिफनीने पिवळी साडी नेसली होती. पहिली कळशी कमरेवर घेऊन ती सगळ्यांच्या पुढे निघाली, तिच्या मागे बायका, आणि बायकांच्या मागे बँड. व्हॅलेरियनने पाण्याची चाल धरली. खालचे सूर साफ लागत होते. त्याचं सगळं लक्ष छातीकडे होतं. प्रिस्का बायकांच्या रांगेतून सारखी मागे बघत होती. चाल चढायला लागली. बाकीची वाद्यं ठरल्याप्रमाणे गप्प झाली. त्या क्षणी ती ओळ त्याच्या ओठावर आली, पोट आपोआप भरलं, आणि फक्त सोडायची बाकी राहिली. त्याला ती वाजवायची होती, फार वाजवायची होती. त्याने ट्रम्पेट खाली घेतला.

रस्त्यावर एकटा ढोल वाजत राहिला.

बायका जागच्या जागी थबकल्या. दोघीतिघींनी छातीवर क्रूस काढला. पुढे टिफनी वळली. मधल्या गर्दीमुळे तिला बाप दिसत नव्हता, नुसताच बंद पडलेला ट्रम्पेट ऐकू येत होता. ती बायकांना बाजूला सारत मागे आली. कळशीतलं पाणी हिंदकळून तिची साडी भिजली, पण कळशी तिने सोडली नाही. बँडवाल्यांनी वाट दिली. व्हॅलेरियन उभा होता, ट्रम्पेट छातीशी धरून.

तिने मोकळा हात त्याच्या छातीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मी हाय," तो म्हणाला. "वरची ओळ तेवढी सोडली. डॉक्टरनी सांगितलंय."

"मला का नाय सांगितलंस?"

तिला रडवायचं नव्हतं, लग्नघर होतं, अशी पुष्कळ कारणं त्याने तयार ठेवली होती.

"भीती वाटत होती गं," तो म्हणाला. "अजून वाटते."

नवरीने पुढे जायला हवं, पाणी असं मागून नेत नाहीत, असं एक म्हातारी म्हणाली. प्रिस्का तिच्याकडे वळून म्हणाली की आजचं पाणी मागून जाईल. ढोल चालूच होता. त्याने ती रिकामी ओळ पुरी केली, आग्नेलने खालचा सूर धरला, आणि व्हॅलेरियनने ट्रम्पेट पुन्हा ओठाला लावला. टिफनी पुढे गेली नाही. एका कमरेवर कळशी आणि दुसरा हात बापाच्या पाठीवर, अशी ती त्याच्या बाजूने चालत होती. शर्टाखालून त्याचा प्रत्येक श्वास आत जाताना आणि बाहेर येताना तिच्या हाताला कळत होता, आणि घर येईपर्यंत ती ते श्वास मोजत राहिली.